पाळकांना विचारा : शंभरपटीचे वचन आणि नवी उपासना

प्रश्न : पाळकसाहेब, प्रभूच्या नावात सलाम. आम्ही मूळचे नगरकडचे, आता ऐरोलीत स्थायिक आहोत. मुलगा आणि सून आमची मंडळी सोडून घणसोलीत भाड्याच्या सभागृहात भरणाऱ्या नव्या संगतीला जाऊ लागले आहेत. तेथे ड्रम-गिटारवर हिंदी गीते गातात, अन्य भाषांत (म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने उच्चारलेल्या अनोळखी भाषांत) प्रार्थना करतात आणि ‘देवाच्या कार्यात पेरा, तो शंभरपट देईल’ असे शिकवून अर्पण घेतात. माझी मधुमेहाची औषधे पाहून ‘तुमचा विश्वास कमी पडतो’ असेही मला सुनावण्यात आले. हे वचनाला धरून आहे का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : सलाम. वाद्ये आणि अन्य भाषा यांविषयी आपण फार चिंता करू नये, असे मला वाटते. ‘उपासना संगीत’ या आपल्या मराठी गीतसंग्रहातील जी गीते आज आपल्याला वाडवडिलांची वाटतात, त्यांतील कितीतरी ना. वा. टिळकांची आहेत, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग-भजनाचा घाट ख्रिस्ती उपासनेत रुजवला, तेव्हा तोही अनेकांना नवाच होता. अन्य भाषांतील प्रार्थनाही काही परवा अमेरिकेहून आलेली नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेली आत्मिक जागृती ही अशा प्रार्थनेसाठी गाजलेल्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील सभांच्या आदल्या वर्षीची आहे. (मला स्वतःला शांत उपासना भावते, पण ती माझी आवड झाली.)

शंभरपटीची शिकवण मात्र गंभीर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत केनेथ हेगिन यांच्यासारख्या उपदेशकांनी ती पसरवली आणि पुढे दूरचित्रवाणीने ती घरोघरी नेली. तिचा आधार मार्क १०:३० या वचनात शोधला जातो; पण त्या ओळीत शंभरपट घरे आणि शेते यांच्याबरोबरच भाऊ, बहिणी, आया, मुले आणि छळणूकही सांगितली आहे, आणि ही छळणूक अर्पणाच्या वेळी कोणी वाचून दाखवत नाही. ज्यांनी प्रभूसाठी घरदार सोडले त्यांना विश्वासणाऱ्यांची घरे आपली होतील, एवढाच त्याचा सरळ अर्थ मला दिसतो. दिलेल्या रकमेवर परतावा मिळेल, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. आजाराबद्दल सांगायचे तर प्रेषित पौलाने आपला सहकारी त्रफिम याला आजारी असतानाच मिलेत शहरात मागे ठेवले आणि दुसरा सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले. या दोघांचा विश्वास कमी होता, असे पौल म्हणत नाही. तेव्हा औषधे एक दिवसही चुकवू नका.

मुलाशी वाद घालण्यापेक्षा त्याला एक साधा प्रश्न विचारा : ही संगती धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदलेली आहे का, आणि तिचे लेखापरीक्षित हिशेब सभासदांना पाहता येतात का? हाच प्रश्न आपल्या जुन्या मंडळीलाही विचारावा. तेथेही सारे आलबेल असतेच असे नाही. शिवाय तरुण कुटुंबे तिकडे का जातात, हेही पाहिले पाहिजे. नोकरीमुळे नवी मुंबईत येऊन पडलेल्या जोडप्याला रविवारी गैरहजर राहिल्यास त्याच संध्याकाळी फोन येतो आणि बाळंतपणात डबा येतो. आमच्याकडून त्याला बहुधा थकलेल्या वर्गणीची आठवण जाते. संगीतापेक्षा हे कारण मला मोठे वाटते.

प्रश्न : २०२० च्या टाळेबंदीत सुरू झालेली ऑनलाइन उपासना आमच्या घरी अजून चालूच आहे. पडद्यासमोर भाकर आणि द्राक्षारस ठेवून घेतलेले प्रभुभोजन चालेल का? आई अंथरुणाला खिळली आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : याविषयी मंडळ्यांमध्ये एकमत नाही. माझे मत विचाराल तर उपदेश ऐकण्यासाठी पडदा पुरेसा आहे, प्रभुभोजनासाठी नाही. कारण करिंथच्या मंडळीला पौल सांगतो की भोजनाला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, आणि पडद्यापलीकडच्या माणसासाठी कोणी थांबत नाही. आपण धडधाकट आहात, तेव्हा आपण चर्चमध्ये जावे. आईंसाठी पाळक आणि वडीलजन प्रभुभोजन घेऊन घरी येतात. त्यांचे नाव आणि पत्ता या रविवारीच आपल्या पाळकांकडे द्यावा.