कोरल मिटलंय? आधी मीठ मोजा

भाऊ, खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतलं लेदर कोरल (चामड्यासारखं दिसणारं मऊ प्रवाळ) तीन दिवस मिटून बसलं म्हणून औषधाच्या बाटल्या आणू नका. अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा दिसतो का? मग ते कात टाकतंय. आठवडा लागतो, कधी जास्तही. पापुद्रा वाहून जाईल एवढा प्रवाह द्या, थेट झोत नको.

पापुद्रा नाही आणि शेजारची झेनियाही (दुसरं एक मऊ कोरल) मिटलीय, तर खारटपणा मोजा. नागपूरच्या मे महिन्यात टाकीवर पंखा लावला की पाणी भराभर उडतं, मीठ मात्र तिथंच राहतं. माझ्या टाकीचं विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचं माप) असंच १.०३० वर गेलं होतं, आणि मी बावळटासारखा लाइटला दोष देत बसलो! रोजची तूट गोड्या आरओ पाण्यानं भरा, खाऱ्या नव्हे. १.०२५ वर आणायचं तेही दोन-तीन दिवसांत, हळूहळू. खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते, पंख्याचा गारवा कमी पडतो. २६ अंश टिकवायला मग चिलरच (पाणी थंड करणारं यंत्र) हवा.

एकच कोरल रुसलंय? दिवसा मासा टोचतो का बघा, रात्री टॉर्च घेऊन खेकडा शोधा. आणि एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणारच नाही.