उशीखालचा मोबाइल

"मॅडम, हिला कॅन्सर होईल का हो?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. घणसोलीहून आल्या होत्या, सोबत दहावीतली मुलगी. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) पोरगी रात्रभर मोबाइल उशीखाली घेऊन झोपते, तोही चार्जिंगला लावून. त्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर रेडिएशनचा व्हिडिओ पाठवला. दुसरी शंका त्यांनी मुलीला बाहेर बसवून सांगितली, "कुणाशी तरी बोलत असणार. शाळेत पहिल्या तासालाच डुलक्या घेते."

रेडिएशनचा प्रश्न कोपरखैरण्याच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत सारखा येतो. मोबाइलच्या रेडिओलहरी म्हणजे क्ष-किरण नव्हेत; डीएनए तोडण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्यांना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं, आणि लोकांच्या डोक्यात तेवढंच बसलं. त्याच गटात पूर्व आशियातल्या खारवलेल्या भाज्याही आहेत! पुरावा तोकडा आहे, पण शक्यता नाकारता येत नाही, एवढाच त्या गटाचा अर्थ. शिवाय नुसता पडून असलेला फोन टॉवरशी अधूनमधूनच बोलतो. हातभर लांब ठेवला तर तेही फारसं पोचत नाही.

मुलीला आत बोलावलं. "दाखव बघू तुझा फोन."

तिने तो टेबलावर ठेवला, पण तो सपाट बसेना. एका कोपऱ्यावर बोट टेकवलं की समोरचा कोपरा उचलायचा. कव्हर काढलं, तर पाठ पुरीसारखी टम्म फुगलेली आणि कडेला नख जाईल एवढी फट.

कॅन्सर राहिला बाजूला. लिथियम बॅटरी जुनी झाली, तापत राहिली की आत वायू साठून फुगते. चार्जिंगची ऊब बाहेर पडायला हवी, अन् ही तिच्यावर कापसाची उशी आणि स्वतःचं डोकं ठेवून झोपत होती. अशी बॅटरी पेटू शकते. मी फोन तिथेच बंद करायला लावला. चार्ज करायचा नाही, दाबायचा-टोचायचा नाही, कचऱ्यातही टाकायचा नाही. थेट दुरुस्तीच्या दुकानात नेऊन बॅटरी बदलायची. पहिला अर्धा तास मी समुपदेशक कमी आणि मोबाइलवालीच जास्त होते.

मग विचारलं, "उशीखालीच का गं?"

"पप्पांना पावणेतीनला उठवायचं असतं."

वडील वाशीच्या भाजी मार्केटात माथाडी. मागे एकदा त्यांना जाग आली नाही, टोळी कामाला लागून गेली, दिवसाची मजुरी बुडाली आणि रात्री घरात मोठं भांडण झालं. दुसऱ्या दिवसापासून हिने गजर लावायला घेतला, कुणालाही न सांगता. आवाजाने धाकटा भाऊ उठेल म्हणून व्हायब्रेटवर. व्हायब्रेट कळावं म्हणून उशीखाली. बॅटरी पहाटेपर्यंत टिकत नाही म्हणून चार्जरसकट. वडील गेल्यावर झोप लागायची नाही, मग अंधारात रील्स बघत पडायची. जागून मोबाइलवर असते, तेवढी आईची शंका खरी होती.

आई बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसल्या. "मला वाटायचं, त्यांना आपोआप जाग येते."

पुढच्या रविवारी वडील आले. पोरीकडे बघणं टाळत होते. भांडण त्यांचं-त्यांचं मिटलं होतं, पण मिटलंय हे पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं. ते त्यांनी माझ्यासमोर, अडखळत का होईना, सांगितलं. आता गजर त्यांच्याच बटणाच्या फोनवर वाजतो, फळीवरून, मोठ्या आवाजात. धाकट्याने अजून कूससुद्धा बदललेली नाही.

मुलीचा फोन नव्या बॅटरीसह स्वयंपाकाच्या ओट्याजवळ चार्ज होतो. ती मात्र अजून पावणेतीनला टक्क जागी होते आणि वडिलांच्या दाराची कडी वाजेपर्यंत डोळे मिटून पडून राहते. सोमवारी परत बोलावलंय तिला, एकटीला.