सत्तावीस नियमांची वही

"तत्त्वे ठरवतो, पण ती पाळली जात नाहीत, मग मी ढोंगी आहे का?" कोल्हापुरात राजारामपुरीतील माझ्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न विचारणारी माणसे वयाने आणि व्यवसायाने वेगवेगळी असतात, पण विचारताना बहुतेकांची नजर खाली असते. त्यांतील एका गृहस्थांची हकिकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडत आहे.

हे गृहस्थ ३८ वर्षांचे होते आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका मशीनशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून, म्हणजे तयार भागांची मापे तपासण्याचे, काम करत होते. पहिल्याच भेटीत त्यांनी हिशेबाची एक लांबट वही माझ्यासमोर ठेवली. पाडव्याच्या दिवशी त्यांनी तीत २७ नियम लिहिले होते आणि प्रत्येक महिन्यासाठी पट्टीने चौकोन आखले होते. ३१ दिवसांच्या महिन्याला ८३७ चौकोन. पाळलेल्या नियमाला हिरवी खूण आणि मोडलेल्याला लाल फुली, अशी पद्धत होती. जूनच्या पानावर हिरवी शाई शोधावी लागत होती आणि ऑगस्टनंतरची पाने कोरीच होती. "बायको म्हणती, ही वही आणल्यापासून तुमची चिडचिड वाढली," असे ते म्हणाले, आणि मला ते निरीक्षण अचूक वाटले.

वही वाचताना दोन गोष्टी लगेच दिसल्या. पहाटे पाचला उठणे, रोज दहा पाने वाचणे, चहा दोनदाच घेणे या सवयी आणि खोटे न बोलणे, कोणाचे न बुडवणे ही तत्त्वे एकाच यादीत होती. त्यामुळे उशिरा उठण्याला आणि खोटे बोलण्याला सारखीच लाल फुली मिळत होती. शिवाय 'कोणालाही दुखावणार नाही' आणि 'नेहमी स्पष्ट बोलेन' हे नियम एकमेकांखाली लिहिलेले होते, आणि कारखान्यात काम करणाऱ्या कोणत्याही माणसाला हे दोन्ही एकाच पाळीत पाळता येणार नाहीत. हे नियम कुठून आले, असे विचारल्यावर त्यांनी मोबाइल वर केला. सकाळच्या संदेशांतले सुविचार वाईट नसतात, पण ते आपल्या आयुष्यातून आलेले नसतात, एवढी अडचण त्यांत असतेच.

दुसरी गोष्ट अक्षरशः एका अक्षराची होती. जवळजवळ प्रत्येक नियमात 'च' होता: उठलोच पाहिजे, रागावायचेच नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीत इच्छा आणि हट्टाग्रह यांत जो फरक केला जातो, तो मराठीत या 'च'वरून चटकन ओळखता येतो. 'मला खरे बोलायचे आहे' असे म्हणणारा माणूस चुकल्यावर वाईट वाटून घेतो आणि दुरुस्तीला लागतो; 'मी खरे बोललेच पाहिजे' असे म्हणणारा मात्र चुकला की स्वतःलाच नालायक ठरवून मोकळा होतो, आणि मग दुरुस्ती करायला कोणी शिल्लकच राहत नाही.

मूळ दुखणे तिसऱ्या भेटीत बाहेर आले. महिनाअखेरीला एक लॉट गाडीत चढवायची घाई होती. पाच नग मोजून रिपोर्टमध्ये पाच मापे लिहायची होती. त्यांनी दोन मोजले, उरलेले तीन रकाने अंदाजाने भरले आणि सही केली. साहेब शेजारी उभे होते. माल परत आला नाही, कोणाला काही कळलेही नाही; पण त्या रात्री वहीत फुली मारताना त्यांचा हात थरथरला आणि त्यानंतर वही उघडली गेली नाही.

मी त्यांना नवे नियम लिहायला सांगितले नाही. 'आपण नीट वागलो' असे कोणीही न सांगता ज्या प्रसंगी वाटले, तो प्रसंग आठवायला सांगितला. त्यांनी बराच वेळ घेतला आणि मग ऑगस्ट २०१९च्या महापुरातील एक आठवण सांगितली. नदीकाठी राहणाऱ्या एका वृद्ध परिचित बाईंनी घर सोडताना दागिन्यांचे गाठोडे त्यांच्या हाती दिले होते. पाणी ओसरेपर्यंत ते गाठोडे त्यांच्या कपाटात होते, आणि आत काय आहे हे त्यांनी पाहिलेही नाही. "त्यात काय विशेष? दुसऱ्याची ठेव ती," असे ते म्हणाले. मी एवढेच विचारले, की रिपोर्टवरची सही ही कोणाची ठेव आहे? ते काही बोलले नाहीत, पण वही त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली.

पुढच्या भेटीत ते स्वतःच्या धंद्याच्या भाषेत बोलू लागले. "मॅडम, ड्रॉइंगवर नुसतं २५ लिहून चालत नाही, अधिक-उणे ०.०५ असा काहीतरी टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, द्यावा लागतोय. नाहीतर जगातला एकही जॉब पास व्हायचा नाही. माझ्या वहीत टॉलरन्सच नव्हता." उपमा मला आवडली, तरी मी ती जशीच्या तशी मान्य केली नाही, कारण न मोजलेले माप लिहिण्याला टॉलरन्स देता येत नाही, पहाटे उठण्याला देता येतो. कोणते माप क्रिटिकल, म्हणजे कळीचे, हे आधी ठरवावे लागते. आपल्या कोल्हापूर परिसरात जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या परंपरेत मुनींची कडक महाव्रते आणि गृहस्थांची त्याहून सौम्य अणुव्रते वेगळी मानली आहेत, आणि प्रत्येक अणुव्रताबरोबर त्याचे अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, आधीच सांगून ठेवले आहेत. माणूस घसरेल हे गृहीत धरून केलेली ही रचना मला फार शहाणपणाची वाटते, आणि ती मी त्यांना सांगितली.

सवयींची यादी त्यांनी वेगळ्या कागदावर काढली. वहीत तीनच ओळी उरल्या. न मोजलेल्या मापावर सही करणार नाही. घरी उशीर होणार असेल तर कारण खरे सांगेन. मुलावर हात उचलणार नाही. प्रत्येक ओळीखाली, ती मोडली तर चोवीस तासांच्या आत काय करायचे, हे लिहिले: कोणाला सांगायचे आणि काय भरून द्यायचे. हा भाग लिहायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला.

गृहकर्जाचे हप्ते चालू असताना साहेबांना नकार देणे सोपे नसते, म्हणून नेमके वाक्य आम्ही आधीच तयार केले आणि मोठ्याने म्हणूनही पाहिले: "साहेब, तीन नग मोजायचे राहिलेत, पंधरा मिनिटं द्या. माप बाहेर गेलं तर गिऱ्हाइकाकडून डेव्हिएशन घेऊ." (डेव्हिएशन म्हणजे मापात न बसणारा माल चालवून घ्यायची गिऱ्हाइकाची परवानगी.) पहिल्यांदा हे वाक्य प्रत्यक्षात वापरले तेव्हा साहेबांनी घड्याळ पाहिले आणि पंधरा मिनिटे दिली. दुसऱ्यांदा मात्र दिली नाहीत. तेव्हापासून घाईचे लॉट यांच्याकडे येत नाहीत. ते शेजारच्या टेबलावरच्या, नुकत्याच लागलेल्या मुलाकडे जातात.

गेल्या भेटीत त्यांनी तेच विचारले, की आपले तत्त्व आपल्या सहीपाशी संपते, की त्या मुलाशीही बोलावे लागते. पुढच्या बुधवारी आम्ही यावर बसणार आहोत.