फिलिपिन्समधल्या बाताद गावची भातखाचरं एका दिवसात पाहून होतील का? गावकऱ्यांशी कसं वागावं?

होतील, पण मी तसं सुचवणार नाही. बातादमध्ये निदान एक मुक्काम करा. इथले मूळ रहिवासी इफुगाव लोक दिवसा शेतात असतात, गप्पांना मोकळे होतात ते संध्याकाळी. तोवर एका दिवसाचे पाहुणे परतीला लागलेले असतात.

मनिलाहून रात्रीची बस सुमारे नऊ तासांत बनावे या गावी पोचवते. तिथून 'जीपनी' या प्रवासी जीपनं किंवा ट्रायसिकलनं (तीनचाकी रिक्षासारखी मोटरसायकल) 'सॅडल' खिंडीकडे जायचं आणि रस्ता संपला की पायी खाली उतरायचं. हाताशी दोन दिवस असतील तर पूला-कंबुलो-बाताद ही गावागावांतून जाणारी पायवाट धरा, मुक्काम कंबुलोत.

हिरवीगार खाचरं एप्रिल-मेमध्ये दिसतात. जून-जुलैत कापणी असते. त्यानंतरच्या वादळी पावसात दरडी कोसळून रस्ते बंद पडतात.

खरी कसोटी बांधावर चालण्याची. बांध पाऊलभर रुंद, एका बाजूला चिखल आणि दुसऱ्या बाजूला कित्येक फूट खोल दगडी ताल, म्हणजे खाचर तोलून धरणारी भिंत. पाठीवरचं ओझं कमी ठेवा आणि तोल जातोय असं वाटलं तर चिखलाच्या बाजूला झुका. कपडे धुता येतात. तालीतून बाहेर आलेले दगड म्हणजे पायऱ्याच, पण ते ओले असताना फार जपून. काठी बांधाच्या मातीत रोवू नका. भोकातून पाणी झिरपतं, माती सैल होते आणि ताल ढासळते. मोठ्या गांडुळांच्या बिळांनी हे बांध आधीच पोखरले आहेत, आणि ढासळलेली ताल पुन्हा रचायची ती हातानंच. म्हणून स्थानिक वाटाड्या घ्याच. कुठला बांध ताजा लिंपलाय, हे त्यालाच ठाऊक असतं.

फोटो काढण्याआधी विचारा. 'बुलुल' या भाताच्या राखणदार लाकडी मूर्तींना हात लावू नका. एखाद्या विधीमुळे शेतात जायला मनाई असेल तर वाद न घालता वाट बदला. बोलणं सुरू करायला खाचरांच्या वरच्या 'मुयोंग' रानाबद्दल विचारा. खाचरांचं पाणी तेच रान धरून ठेवतं, आणि त्याची निगा एकेक कुटुंब राखतं.

खाचरं दोन हजार वर्षांची आहेत असं ऐकाल. अलीकडच्या उत्खननानुसार इथली पाणथळ भातशेती साधारण चारशे वर्षांची ठरते. हा वाद घरमालकापुढे मात्र काढू नका. बाताद १९९५ पासून जागतिक वारसा आहे. बनावेच्या व्ह्यूपॉइंटवरून दिसणारी खाचरं त्या यादीत नाहीत.

पेसो मनिलातूनच रोख न्या. वर्षातून एकदाच पिकणारा 'तिनावोन' तांदूळ मिळाला तर थेट शेतकऱ्याकडूनच घ्या.