हप्ता गिऱ्हाइकाचा, मग खिसा तुझा का?

प्रश्न: मॅडम, मी दारव्हा तालुक्यातला. वय २४, बी.कॉम. झालो. दीड वर्षापासून बायकांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या एका मायक्रोफायनान्स कंपनीत फील्ड ऑफिसर आहे, हप्ते गोळा करतो. शाखा घरापासून ७० किलोमीटरवर, शाखेच्याच खोलीत राहतो. सकाळी सातला निघतो आणि रात्री नऊला हिशेब जुळला की मोकळा होतो. हाती १४,२०० रुपये येतात. पेट्रोलचे २,५०० वेगळे मिळतात, पण गाडी रोज ९० किलोमीटर फिरते. एखाद्या बाईचा हप्ता आला नाही तर मॅनेजर म्हणतात, आज तू भर, उद्या वसूल कर. असे महिन्याला हजार-बाराशे जातातच. रात्री दहाला ग्रुपवर नाव घेऊन शिव्या घालतात. डिग्री आणि बारावीची ओरिजिनल मार्कशीट कंपनीनं ठेवून घेतली आहे. बाबा म्हणतात, लागलेली नोकरी सोडून घरी काय कापूस वेचतं का? मित्र म्हणतो, पुण्याजवळ चाकणला कारखान्यात ये. मले तर काही समजून नाही राह्यलं. मीच कच्चा आहो का?

उत्तर: तू कच्चा नाहीस. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मला वाटतं, तुला खरं तर हाच एक प्रश्न विचारायचा होता. नोकरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ही नोकरी तू सोडावीस. पण उद्या नको, आणि रागाच्या भरात तर मुळीच नको. तीन-चार महिने घे आणि सगळे कागद हातात आल्यावर सोड.

आधी तुझ्या पगाराचा हिशेब मांडू, कारण तो तू कधी मांडला नसावास. रोज ९० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २,३४० किलोमीटर. गाडी लिटरला ५० देत असेल तर ४७ लिटर पेट्रोल. १०५ च्या भावानं ते ४,९०० च्या वर जातं. कंपनी २,५०० देते, उरलेले २,४०० तुझे. हप्त्यांपोटी भरलेले १,२०० धर. १४,२०० मधून राहिले १०,६००. रोजचे १४ तास धरले तर महिन्याचे ३६४ तास होतात. तासाला २९ रुपये पडले. टायर, ऑइल, खोलीवरचा जेवणाचा डबा यात धरलेलाच नाही. हा कागद बाबांपुढे ठेव.

आता त्या हप्त्यांबद्दल, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच आहे. आपल्या भागात कापसाचा पैसा घरात येतो तो दिवाळीच्या आसपास आणि पुढे. मजुरीचा चुकारा होतो बाजाराच्या दिवशी. हप्ता मात्र आठवड्याला किंवा पंधरवड्याला ठरलेला. श्रावण-भादव्यात निंदण-फवारणीत घर रिकामं झालेलं असतं, तेव्हा एखाद्या बाईकडे हप्ता नसणं म्हणजे ती बुडवी झाली असं नाही आणि तू निकामी ठरलास असंही नाही. पण वरच्या कार्यालयाला त्या तारखेला शंभर टक्के वसुली दिसायला हवी असते. तो दाब एरिया मॅनेजरवरून शाखेवर, शाखेवरून तुझ्यावर येतो, आणि शेवटी तू उभा राहतोस एखाद्या मावशीच्या दारात, जिनं तुला पाणी दिलेलं असतं. तुला रात्री झोप लागत नाही असं तू लिहिलं नाहीस, पण लागत नसेल तर मला नवल वाटणार नाही.

खिशातून भरण्याचा खरा धोका पैशापेक्षा मोठा आहे. तू भरलेस की कागदावर बाईचा हप्ता ‘आला’. चार दिवसांनी तिनं तुला तेच पैसे दिले, तर त्याची पावती तू देऊ शकत नाहीस. उद्या तपासणी झाली, तिनं ‘मी सरांना रोख दिले’ म्हटलं, की अफरातफर करणारा तू ठरतोस. ‘तू भर’ म्हणणारा मॅनेजर तेव्हा ‘मी असं बोललोच नाही’ म्हणेल. म्हणून हे आजपासून बंद. संध्याकाळी मॅनेजरला मेल किंवा मेसेज टाक: ‘सर, आज अमुक केंद्रातल्या तीन सदस्यांचा हप्ता आला नाही, थकबाकी म्हणून नोंद घ्यावी. ही रक्कम माझ्याकडून भरून घेण्याचं कंपनीचं धोरण असल्यास लेखी कळवावं.’ एवढंच लिही. वाद घालू नकोस. अशा मेसेजला सहसा लेखी उत्तर येत नाही.

कायदा तुझ्या बाजूनं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेप्रमाणे कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे रोकड हरवली तर नुकसानाएवढीच कपात करता येते, तीही त्याला बाजू मांडायची संधी दिल्यावरच. गिऱ्हाइकाची थकबाकी यात बसत नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि राजीनामा देऊन निघालास तर शेवटचा पगार कामाच्या दोन दिवसांत द्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे निर्देशही १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वसुली ठरलेल्या जागी व्हावी. कर्जदार सलग दोन किंवा जास्त वेळा आली नाही तरच घरी जाता येतं. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तिला फोन करणं, शिवीगाळ करणं ही सक्तीची वसुली मानली जाते. ‘रात्री आठला तिच्या दारात जाऊन बस’ असा हुकूम आला तर हे निर्देश सांगून नम्रपणे नाही म्हण.

ग्रुपवरच्या शिव्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेव. कुणाच्या पगारात शिव्या ऐकण्याचे पैसे धरलेले नसतात. ग्रुपवर उलट उत्तर मात्र देऊ नकोस, आणि रात्री दहानंतर ग्रुप म्यूट कर.

आता कागद. नेमणूकपत्र, दर महिन्याची पगार पावती आणि पीएफचा यूएएन क्रमांक ही तीन आहेत का पाहा. उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघड आणि महिन्यागणिक भरणा झालाय का तपास. तुझ्या मूळ वेतनातून १२ टक्के कापले जात असतील तर कंपनीनंही तेवढेच भरायला हवेत. नोकरी सोडल्यावर ही रक्कम लगेच काढू नकोस, पुढच्या नोकरीत वळती कर. मार्कशीट आणि डिग्री अडकवून ठेवण्याचा कंपनीला अधिकार नाही. परत मागण्याचा अर्ज एचआरला मेलनं कर, कारण लिही ‘परीक्षेच्या कागदपत्र पडताळणीसाठी’. एवढ्यानं पुष्कळदा काम होतं. टाळाटाळ झाली तर यवतमाळच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दे आणि पोच घे. तोवर अगदीच अडलं तर बारावीची दुय्यम प्रत अमरावती विभागीय मंडळातून, डिग्रीची अमरावती विद्यापीठातून निघते.

निघायच्या दिवशी टॅब, पावती पुस्तक, रोकड, चाव्या सगळं यादी करून दे आणि त्या यादीवर मॅनेजरची सही-तारीख घे. केंद्रागणिक थकबाकीचा तक्ताही जोड. ही सही झाल्याशिवाय खोली सोडू नकोस. अनुभवाचा दाखला मागून घे, तो तुझा हक्काचा आहे.

पुढे काय? चाकणचं मी थोडक्यात सांगते: ठेकेदारामार्फत असेल तर जाऊ नकोस. खोलीचं भाडं, मेस आणि प्रवास वजा केला तर तू आहेस तिथेच राहशील आणि बी.कॉम. वाया जाईल. नेमणूकपत्र आधी हातात पडलं, तर विचार कर.

तुझ्यासाठी मला दोन वाटा जवळच्या वाटतात. पहिली ग्रामीण बँकेची. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या आहेत. ऑफिस असिस्टंटची परीक्षा आयबीपीएस ही बँक भरतीच्या परीक्षा घेणारी संस्था घेते. वयोमर्यादा १८ ते २८, ओबीसींना आणखी तीन वर्षं. पूर्वपरीक्षेत तर्कक्षमता आणि गणित, आणि पेपर मराठीतूनही देता येतो. स्पर्धा मोठी आहे, हे लपवत नाही. पण बचत गट म्हणजे काय, कापूसवाल्या घराचा पैसा कधी येतो आणि कधी संपतो, हे तुला जेवढं कळतं तेवढं क्लासमध्ये बसणाऱ्या मुलाला कळत नाही. ती समज बँकेत रुजू झाल्यावर कर्जाच्या टेबलावर उपयोगी पडते.

दुसरी वाट सहकार खात्याच्या जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेची. पदवीधराला बसता येतं, सहा पेपर असतात, मराठीत लिहिता येतात. पतसंस्था, सेवा सोसायट्या, शेतकरी उत्पादक कंपन्या यांना हिशेब नीट ठेवणारा माणूस लागतो आणि तालुक्याच्या गावी असा माणूस सहजासहजी सापडत नाही. सुरुवातीचा पगार तुझ्या आताच्या पगाराएवढाच असेल, कदाचित थोडा कमीही. पण संध्याकाळ तुझी राहील आणि त्या संध्याकाळी तू बँकेचा अभ्यास करशील. मला विचारशील तर मी हेच कर म्हणेन: आधी घराजवळ साधी हिशेबाची नोकरी, तिच्या आधारानं परीक्षा.

बाबांसाठी दोन शब्द. भाऊ, महिन्याच्या महिन्याला येणारा पगार शेतकऱ्याच्या घरात काय असतो, हे मला कळतं. तुमची भीती खोटी नाही. मुलगा काम टाळत नाहीये, तासाला २९ रुपयांत तो १४ तास राबतोय आणि दुसऱ्याची थकबाकीही भरतोय. त्याला चार महिन्यांची मुभा द्या. तेवढ्यात दुसरी जागा बघून मगच तो राजीनामा देईल, असं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

आणि तू, येत्या रविवारी मार्कशीटचा अर्ज आणि हप्त्यांचा मेसेज हे दोन्ही लिहून काढ. पाठवण्याआधी मला पाठव, शब्द मी तपासून देते.