सिंक अडले तर आधी फाइल कोठे आहे ते पाहा

प्रश्न : कामाच्या सर्व फाइली मी संगणकावरील क्लाउडच्या (इंटरनेटवरील साठवणीच्या) फोल्डरमध्येच ठेवतो. अलीकडे त्यांतील काही फाइलींवर गोल बाणांची खूण सतत दिसत राहते आणि त्या दुसऱ्या संगणकावर पोहोचत नाहीत. काही जुन्या फाइली यादीत दिसतात, पण इंटरनेट बंद असताना उघडत नाहीत. अ‍ॅप काढून पुन्हा टाकावे, असा सल्ला मिळाला आहे. तसे करू का?

उत्तर : तूर्त करू नका. ज्या फाइली अद्याप क्लाउडवर गेलेल्या नाहीत, त्यांची एकमेव प्रत आपल्या संगणकावर आहे, आणि अ‍ॅप काढताना किंवा खाते तोडताना तो फोल्डर कोणी ‘साफ’ केला, तर ती प्रतही जाईल. म्हणून प्रथम ब्राउझरमधून खात्यात प्रवेश करून अडलेल्या फाइली तेथे दिसतात का आणि दिसत असल्यास त्यांतील शेवटचे बदल आले आहेत का, हे तपासा. जे तेथे नसेल, त्याची प्रत फोल्डरबाहेर काढून ठेवा. फाइल हलवू मात्र नका, कारण फाइल फोल्डरबाहेर हलवली की सिंकच्या, म्हणजे सर्व उपकरणांवरील फाइली सारख्या ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या लेखी ती पुसलेलीच असते.

आपल्या दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत. इंटरनेटशिवाय न उघडणाऱ्या फाइलींमध्ये बिघाड बहुधा नाही. डिस्कवरील जागा वाचावी म्हणून अ‍ॅप केवळ नाव दाखवते आणि मजकूर मागणीनंतर उतरवते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या क्लाउड सेवेत अशा फाइलीवर निळा ढग दिसतो, तर संगणकावर उतरलेल्या फाइलीवर हिरवी बरोबरची खूण असते. ढग दिसणाऱ्या फाइलीवर राइट क्लिक करून ती या संगणकावर कायम ठेवण्याचा पर्याय निवडला की प्रश्न मिटतो.

अडलेल्या फाइलींबाबत एक गोष्ट आपल्या पत्रातच स्पष्ट आहे : सगळ्या नव्हे, केवळ काही फाइली अडल्या आहेत. सगळाच फोल्डर थांबला असता, तर खात्यातील जागा संपली आहे का, हे आधी पाहावे लागले असते. गूगलची मोफत १५ जीबी जागा ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज या तिघांत वाटली जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. बॅटरी बचतीमुळे किंवा मोजून डेटा वापरण्याच्या सेटिंगमुळेही सिंक थांबते. निवडक फाइली अडतात, तेव्हा मात्र संशय फाइलींवरच घ्यावा. ती फाइल एखाद्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे का ते पाहा. ईमेलची किंवा हिशेबाची डेटा फाइल दिवसभर उघडीच राहते आणि ती अशा फोल्डरमध्ये ठेवूच नये, असे माझे मत आहे. त्यानंतर नाव तपासा. विंडोजला नावात तिरप्या रेघा, अपूर्णविराम, तारका, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, टोकदार कंस आणि उभी रेघ चालत नाही, त्यामुळे इतर प्रणालीवर बिनतक्रार चाललेले नाव येथे अडू शकते.

देवनागरी नावे देणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. लिनक्स या संगणक प्रणालीतील प्रचलित फाइल प्रणालींत नावाची मर्यादा २५५ बाइटची (बाइट म्हणजे साठवणीचे लहान एकक) असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरी चिन्हाला तीन लागतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सारी चिन्हे वेगवेगळी मोजली जातात. परिणामी सुमारे ८५ चिन्हांपुढचे नाव विंडोजवर चालले तरी तेथे उतरत नाही. नाव लहान करा, एवढाच उपाय.

प्रश्न : गूगल ड्राइव्हवरून मोठा फोल्डर उतरवला तर अनेक झिप फाइली मिळाल्या आणि एकीत अर्ध्याच वस्तू निघाल्या. पेन ड्राइव्हमध्ये बरीच जागा असूनही त्यातील मोठा व्हिडिओ त्यावर जात नाही.

उत्तर : मोठा फोल्डर ड्राइव्ह तुकड्यांत देते. सर्व झिप पूर्ण उतरल्याची खात्री करून त्या एकाच ठिकाणी उलगडा. उरलेल्या वस्तू दुसऱ्या तुकड्यांत असतील. क्रोममध्ये नावाच्या शेवटी ‘सीआरडाउनलोड’ असेल, तर ती फाइल अपुरी आहे, आणि नाव बदलून ती पूर्ण होत नाही. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट ३२ पद्धतीचा असावा. त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल बसत नाही, मग जागा कितीही असो. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केल्यास अडचण जाईल, परंतु त्यावरील आधीचा सारा मजकूर त्यात पुसला जातो.

प्रश्न : फोनवर जागा करण्यासाठी क्लाउडच्या अ‍ॅपमधून फाइली पुसल्या, तर त्या संगणकावरूनही गेल्या. परत मिळतील का?

उत्तर : पुसणे हाही बदलच असतो आणि सिंक तो सर्वत्र पोहोचवते. ब्राउझरमधून खात्यातील कचरापेटी उघडा. गूगल ड्राइव्हमध्ये तेथील फाइली ३० दिवसांनी आपोआप नष्ट होतात. पेटी रिकामी झालेली असेल आणि याच खात्याचा एखादा संगणक फाइली पुसण्याआधीपासून बंद असेल, तर त्याचे इंटरनेट तोडूनच तो सुरू करा. फाइली त्यावर खरोखर उतरलेल्या असतील, तर जोडणी देण्यापूर्वी त्या बाहेरच्या डिस्कवर काढून घेता येतील.