देव पाण्यात, औषध घड्याळावर

तुम्ही विचारलंय, "घरातली दोन्ही मांजरं गंभीर आजारी आहेत. डॉक्टर म्हणतात, फार आशा ठेवू नका. आईनं देव पाण्यात ठेवलेत, बाबा म्हणतात हा वेडेपणा आहे. आम्ही आशा ठेवायची की मन घट्ट करायचं?"

हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. 2022 च्या पावसाळ्यात साताऱ्याला आमच्या घरात अगदी हेच चाललं होतं. देव पाण्यात ठेवणाऱ्या माझ्या सासूबाई होत्या, एवढाच फरक.

आमचा सोन्या तेव्हा चौदा महिन्यांचा बोका आणि ठमी तेरा वर्षांची भाटी. ठमी माझ्या लेकीपेक्षा वर्षभरानं मोठी. लेक पाळण्यात रडली की माझ्या आधी ती पाळण्याखाली जाऊन बसायची. दोघं एकाच पंधरवड्यात आजारी पडली.

सोन्याचा ताप अँटिबायोटिकनं उतरत नव्हता. पोट डेऱ्यासारखं फुगत चाललं होतं आणि पाठीची हाडं हाताला लागत होती. आधी जंतांचं औषध झालं, त्यात अकरा दिवस गेले. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सुईनं पोटातलं पाणी काढलं, तर ते पिवळं आणि तार येईल इतकं चिकट. त्यांनी आमच्यासमोरच काचेच्या नळीत शुद्ध पाणी घेतलं, त्यात अ‍ॅसेटिक आम्लाचा थेंब टाकला आणि वरून सोन्याच्या पोटातलं पाणी थेंबभर सोडलं. तो थेंब विरघळला नाही. जसाच्या तसा हळूहळू खाली उतरत गेला. याला रिव्हाल्टा चाचणी म्हणतात. तेवढ्यावर निदान पक्कं होत नाही, म्हणून रक्तही तपासलं. अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या रक्तातल्या दोन प्रथिनांचं प्रमाण 0.4 च्या खाली निघालं. एफआयपी, म्हणजे फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस.

हा आजार मांजरांच्या एका कोरोनाव्हायरसमुळे होतो. रिपोर्टवर तो शब्द वाचून शेजारच्या काकूंनी दार लावून घेतलं. त्यांना दोष देत नाही, कोविडच्या जखमा ओल्या होत्या. पण हा विषाणू वेगळा आहे आणि माणसांना होत नाही. पुष्कळ मांजरांच्या आतड्यात तो असतो, थोडी पातळ शी होते आणि विषय संपतो. मोजक्या मांजरांच्या शरीरात मात्र त्याचं रूप पालटतं आणि मग तो रक्तवाहिन्यांना सूज आणतो, पोटात किंवा छातीत पाणी साठतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत याचं निदान म्हणजे जवळजवळ मृत्यूची शिक्षाच होती. 2019 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या नील्स पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएस-441524 नावाचं औषध 31 मांजरांना दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातली 25 दीर्घकाळ जगली. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी ज्या रेमडेसिव्हिरसाठी रांगा लावल्या, त्याचंच हे जवळचं नातलग. तेव्हा उपचार 84 दिवसांचा असायचा, एकही दिवस न चुकवता. त्यानंतर आणखी 84 दिवस नुसती नजर ठेवायची, आजार उलटतोय का ते बघत.

डॉक्टर म्हणाले, "बरा होऊ शकतो. पण पहिले चार-पाच दिवस निघाले पाहिजेत, आणि खर्च तुम्हाला जड जाईल." त्या वेळी औषध मिळवणं सोपं नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या एका डॉक्टरांशी बोलून सोय केली. पैशाचा आकडा लिहीत नाही, पण आमच्या घराला तो खरंच जड होता.

त्या संध्याकाळी वीज गेलेली. सासूबाईंनी लेकीला राका कुंभाराची गोष्ट सांगायला घेतली. मी ती लहानपणी कीर्तनात ऐकली होती आणि विसरलेही होते. पंढरपूरच्या राकाच्या मांजरीनं एका कच्च्या मडक्यात पिल्लं ठेवलेली. त्याला पत्ता नाही. त्यानं मडकी रचली आणि आवा पेटवला. मांजरी आव्याभोवती ओरडत फिरायला लागली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. आता पेटलेल्या आव्यात हात घालणार कसा? त्यानं विठ्ठलाला साकडं घातलं, पिल्लं वाचली तर घरदार वाटून टाकीन. आवा उघडला तर सगळी मडकी भाजलेली, तेवढं एक कच्चं, आणि आत पिल्लं जिवंत. राकानं शब्द पाळला.

गोष्ट संपली आणि सासूबाईंनी बोटातली अंगठी काढून माझ्यापुढे ठेवली. "त्यानं घर दिलं. माझं एवढं तर घे. आणि राकाच्या आव्याला दार नव्हतं, आपल्याला डॉक्टरांनी दार दाखवलंय."

मग त्या देवघरात गेल्या आणि बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदैवताचे टाक, सगळे तांब्याच्या पातेल्यात पाण्यात ठेवले. माझा नवरा तुमच्या बाबांसारखाच. तो काही बोलणार एवढ्यात मी त्याला खुणेनं थांबवलं. जी बाई अंगठी काढून देते, तिच्या श्रद्धेला वेडेपणा म्हणायचा हक्क मला तरी वाटत नव्हता.

गुरुपौर्णिमेला, 13 जुलैला, पहिलं इंजेक्शन दिलं. हे इंजेक्शन फार झोंबतं. सोन्या ओरडायचा, आणि तो ओरडला की दुसऱ्या खोलीत लेक कानात बोटं घालायची. रोज रात्री आठ वाजता, कातडीखाली, जागा बदलून. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे दर रविवारी वजन करायचं आणि वजन वाढलं की डोसही वाढवायचा. दुसऱ्या रात्री अंगाला हात लावला तर ताप उतरलेला. पाचव्या दिवशी त्यानं उकडलेल्या कोंबडीचे चार तुकडे आपणहून खाल्ले. सासूबाई शाकाहारी आहेत, आमच्या घरात तोवर अंडंही शिजलं नव्हतं. कोंबडी त्यांनीच मागच्या अंगणात वेगळ्या शेगडीवर शिजवली होती. नवसाबद्दल मला तुम्हाला काही सांगायचं असेल तर ते हे आहे. आमच्या घरात देव पाण्यात ठेवणाऱ्या बाईनंच आठ वाजताचा गजर लावला, वहीत ताप, वजन, शी-शू लिहिली, आणि एकदा आम्ही लग्नाला जायला निघालो तर "तुम्ही जा, मी नाही येत, आठला औषध आहे" म्हणून घरी थांबली. ज्या घरात नवस बोलून औषध बंद करतात तिथली गोष्ट निराळी, तिथे मी तुमच्या बाबांच्या बाजूनं उभी राहीन.

आता ठमी. तिच्याबद्दल लिहायला मला जास्त वेळ लागतो.

तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती. मांजरांच्यात हे फार उशिरा कळतं, बहुतेक काम थांबल्यावरच. आम्हाला वाटलं, उन्हाळा होता म्हणून जास्त पाणी पिते. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा रक्तातला कचरा, 5 च्या वर गेलेलं, म्हणजे शेवटचा टप्पा. याच डॉक्टरांनी, जे सोन्यासाठी "बरा होऊ शकतो" म्हणाले होते, ठमीसाठी स्वच्छ सांगितलं, "ही बरी होणार नाही. तिचे दिवस बरे करता येतील." त्या एका वाक्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. तुमचे डॉक्टर "फार आशा ठेवू नका" म्हणाले, ते कशाबद्दल, हे त्यांना विचारा. आजार बरा होण्याची आशा नाही, की औषध आहे पण उशीर झालाय, की खर्च तुम्हाला झेपणार नाही असं त्यांनीच ठरवून टाकलंय? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही मांजरांसाठी त्या वेगवेगळ्या विचारायला हव्यात.

ठमीला घरीच सलाइन द्यायला शिकलो. खिडकीच्या गजाला बाटली अडकवायची, आधी कोमट पाण्यात ठेवून ती अंगाइतकी ऊबदार करायची, दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलायची आणि सुई आत. शंभर मिली गेलं की पाठीवर उंटासारखा उंचवटा यायचा आणि तासाभरात जिरायचा. ती लेकीच्या मांडीवर शांत पडून राहायची. घरभर पाण्याच्या वाट्या ठेवलेल्या. तरी एका पहाटे मी उठले तर ठमी देवघरात पाटावर चढून देवांच्या पातेल्यातलं पाणी पीत होती, आणि सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. मी तिला उचलायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. तिची तहान मोठी आहे." त्या दिवसापासून पातेल्यातलं पाणी दिवसातून दोनदा बदलायला लागल्या.

मी एकदा विचारलं, "ठमीसाठी काय मागता?" म्हणाल्या, "सोन्यासाठी आयुष्य मागते. तिच्यासाठी सुटका मागते. आयुष्य तिचं भरून झालंय." त्यांनी दोन मांजरांसाठी दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या, हे ऐकून माझ्या मनातला गोंधळ निवळला. मी तोपर्यंत दोघांसाठी एकच मागत होते आणि ठमीकडे बघितलं की सोन्याचीही आशा सुटायची.

गौरी जेवल्या त्या दिवशी ठमीनं पुरणाच्या वासाकडे तोंडही फिरवलं नाही, आणि पुरणावरचं तूप तिचा जीव की प्राण. तीन दिवस ती माशाचं पाणीही घेत नव्हती. तोंडात फोड आले होते, अंग चाटणं बंद झालं होतं. डॉक्टरांनी तिला कायमचं झोपवायचं सुचवलं. सासूबाईंनी त्यांना विचारलं, "पाप लागेल का हो?" ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आजी, लागलं तर मला लागेल. सुई माझ्या हातात असेल." गौरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी ते घरी आले. आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, ती लेकीच्या मांडीवर झोपली, मग दुसरं. सासूबाईंनी तिच्या ओठांना तुळशीचं पाणी लावलं. मागच्या अंगणात पारिजातकाखाली तिला पुरलं. पावसानं माती मऊ झालेली होती. त्याही रात्री आठ वाजता गजर वाजला आणि आम्ही रडत रडत सोन्याला औषध दिलं. तो छप्पन्नावा दिवस.

चौऱ्याऐंशीवा दिवस दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, पोटात पाणी नव्हतं, वजन जवळजवळ दीडपट झालेलं. सासूबाईंनी देव बाहेर काढले, एकेक पुसून जागेवर ठेवले आणि शिरा केला. पुढचे 84 दिवस मात्र त्यांनी देवांना काही सांगितलं नाही. "आता त्यांना विश्रांती," म्हणाल्या. नजर आम्ही ठेवली. सोन्या आज धडधाकट आहे.

आईंना देव काढायला लावू नका. त्यांच्या हाती वही आणि घड्याळ द्या. बाबांना डॉक्टरांकडे न्या, प्रश्न त्यांना विचारू दे. ज्याला आशा वाटत नाही तो माणूस प्रश्न चांगले विचारतो, हे मी माझ्या नवऱ्यावरून सांगते.

आजार कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून जे कुठल्याही आजारात लागू पडतं तेवढंच सांगते. ताप आहे म्हणून माणसांचं पॅरासिटामॉल देऊ नका, एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तर थांबू नका, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून नवंच दुखणं उभं राहतं. सिरिंजनं पातळ अन्न कसं भरवायचं ते डॉक्टरांकडून शिकून घ्या. ते ओठाच्या कडेनं थोडं थोडं द्यायचं, घशात ओतायचं नाही. आणि आज रात्री दोघं झोपली की छाती किती वेळा वर-खाली होते ते मिनिटभर मोजा. तीसच्या आत असेल तर तुम्हीही झोपा. त्याहून जास्त भरलं तर थोड्या वेळानं पुन्हा मोजा, तरी कमी होत नसेल तर डॉक्टरांना फोन करा. आणि तोंड उघडून श्वास चालला असेल तर सकाळची वाट बघू नका, तसंच उचला आणि निघा.